फळ्यावरचं शून्य

मुहर्रकला येऊन सात आठवडे झाले होते
आणि गुरुवारची संध्याकाळ काही केल्या सरत नव्हती.
मासळीबाजाराच्या मागं पत्र्याचा एक हॉल,
आतून दणदण आवाज,
कुणी रिकाम्या पिंपावर नारळ आपटावेत तसा.
दार उघडंच. तिकीट कुणी मागितलं नाही.
मी नुसता डोकावलो.

बास्केटबॉल.
त्यातलं मला एवढंच ठाऊक
की कुपवाडच्या आमच्या शाळेत एक रिंग होती, बिनजाळीची,
आणि पीटीचे बिरनाळे सर तिच्यावर
पंचा वाळत घालायचे.

इथं दहा पोरं घामानं निथळत पळत होती.
एक बँकेत कॅशियर, एक अग्निशमन दलात,
हे पुढं कळलं.
कुठल्या गल्ल्यांचे हे संघ, कुठली ही लीग,
हिच्यात वरचा कोण, खालचा कोण,
समुद्रापलीकडं कुणाला पत्ता असणार?
मलाही नव्हता.
म्हणून तर बसलो.

फळा हातानं बदलायचा.
एक बारका पोरगा खुर्चीवर उभा राहून
पत्रे काढायचा, पत्रे अडकवायचा.
मी पाहिलं तेव्हा
इकडं शून्य शून्य,
तिकडं शून्य शून्य.

डोळ्यांदेखत चेंडू जाळीतून पडतोय,
ढोल वाजतोय, म्हातारे उठून नाचतायत,
आणि फळा म्हणतो काहीच झालं नाही!
मला आवडलं ते.
म्हटलं, शहाणी माणसं,
खेळतात आणि मोजत नाहीत.

मग एका शून्याशेजारी उघडी चिमटी आली,
थोड्या वेळानं तीच चिमटी उलटी.

शेजारी अबू ग़ानिम, सूर्यफुलाच्या बिया फोडत बसलेले.
त्यांचं हिंदी एका मंगळुरी शिंप्याकडून आलेलं,
मापासारखं तुटक.
"वो ज़ीरो नहीं," म्हणाले,
आणि पंजा माझ्या तोंडापुढं धरला.
खम्सा. पाच.
पंचावन्न-पंचावन्न चालली होती मॅच, अटीतटीची,
आणि मी तिला वैराग्य समजत होतो.

दिवसभर मी स्टोअरमध्ये नट मोजतो.
बारा एमएम, सोळा एमएम, वॉशरसकट.
माझ्या खात्यात कधी एक नग इकडचा तिकडं झाला नाही.

"तर मग तुमचं शून्य कसं असतं?"
त्यांनी एक बी सोललं,
दाणा तोंडात टाकला नाही,
माझ्या तळहातावर ठेवला.
"इतना."

नऊ तेवढा नऊच निघाला.
तीच गाठ, तोच खाली सोडलेला पाय,
बालवाडीत गिरवलेला.
म्हणून मी नऊ नंबरवाल्याचा झालो.
उंच, पोक काढलेला, कानात कापूस.
पाच गुरुवार तो बाकावर बसून होता
आणि पाच गुरुवार मी त्याच्याकडं बघत.
अबू ग़ानिम म्हणायचे, अरे, खेळ तिकडं चाललाय.

सहाव्या गुरुवारी, हरणं पक्कं झाल्यावर,
शेवटच्या दीड मिनिटासाठी त्याला उठवला.
चेंडू एकदाच आला त्याच्याकडं.
त्यानं फेकला.
ढोलवाल्याचा हात वर तसाच राहिला.
रिंगेच्या कडेवर चेंडू फिरला,
फिरला,
बाहेर पडला.
खुर्चीवरच्या पोरानं काढलेला पत्रा
परत खाली ठेवला.
मी ओरडलो होतो वाटतं, मराठीत,
कारण पुढच्या रांगेतली चार डोकी मागं वळली.

दिवे एकेक करून मालवायला लागले.
पोराला बाहेरून कुणी तरी हाक मारली,
त्यानं सगळे पत्रे माझ्या मांडीवर टाकले
आणि पळाला.
काठ गंजलेले, रंग उडालेला, क्रम मोडलेला.

कुणी सांगितलं नव्हतं.
मी लावले.
टिंब सगळ्यात खाली,
मग एक, मग दोन, चुकत, परत बघत,
नऊ सगळ्यात वर.